पाणी किती फुटाला गेलं? पुराचा इशारा वाचायचा कसा

जुलै लागला की कोल्हापुरात टपरीवर, डेअरीत, शाळेच्या गेटवर एकच प्रश्न असतो, पाणी किती फुटाला गेलं? कोणीतरी मोबाईल बघून सांगतं, छत्तीस झालं. बाकीचे मान हलवतात आणि कामाला लागतात. पण छत्तीस म्हणजे कुठून छत्तीस, माझ्या दाराला लागायला अजून किती राहिलं, तेवढं यायला वेळ किती लागेल, असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. मलाही २०१९ च्या ऑगस्टपर्यंत येत नव्हतं आणि ते आमच्या घरच्यांना फार महागात पडलं, म्हणून जेवढं कळलंय तेवढं इथे सोपं करून लिहितेय.

त्या वर्षी माझ्या मामांचं घर पाण्यात गेलं. नदीकाठचं गाव, दगडी जोत्याचं जुनं घर, मागे परडं आणि गोठा. इशारे आले नव्हते असं अजिबात नाही, ग्रामपंचायतीचा भोंगा दोन दिवस ओरडत होता, तलाठी दारात येऊन सांगून गेले, व्हॉट्सअॅपवर दर दोन तासांनी फुटाचा आकडा पडत होता. मामा अंगणात उभं राहून सांगायचे, २००५ ला पाणी ह्या दुसऱ्या पायरीला टेकून माघारी फिरलं, त्याच्या वर काय येत नाही. त्यांनी तो पूर डोळ्यांनी बघितला होता, त्यामुळे आम्ही कोणी वाद घातला नाही. रात्री दोनच्या सुमाराला पाणी जोत्यावर चढलं, लाईट गेलेली, घरात मामा, मामी आणि पंच्याऐंशी वर्षांची आजी, गोठ्यात दोन म्हशी. गल्लीतल्या पोरांनी आजीला खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं. एक म्हैस दाव्यालाच राहिली. ती गोष्ट मामी अजून कोणाला सांगत नाही.

पुढे दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी २०१९ च्याही वर गेलं. २०१९ ला ५५ फूट ७ इंच होतं, २०२१ ला ५६ फूट ३ इंच. म्हणजे ‘मागच्या पुरात इथवर आलेलं’ ही खूण आमच्या डोळ्यांदेखत दोनदा मोडली. मागच्या पुराची खूण उपयोगाची नाही असं मी म्हणत नाही, उलट ती फार कामाची आहे, पण ती पाण्याची शेवटची हद्द नाही. ती मोजायला वापरायची, आणि ती कशी ते सांगते.

आधी तो फूट. पेपरात किंवा ग्रुपवर जो आकडा येतो तो पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी लावलेल्या मोजपट्टीवरचा असतो. हा बंधारा कसबा बावड्याजवळ आहे. पट्टीचं शून्य खाली नदीच्या पात्रात आहे, तुमच्या गल्लीत नाही, त्यामुळे ४० फूट पाणी म्हणजे गावात ४० फूट पाणी असा अर्थ होत नाही. (पुण्यामुंबईतले नातेवाईक हाच आकडा ऐकून घाबरून फोन करतात, त्यांना एकदा हे समजावून सांगा.) ह्या पट्टीवर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. इशारा पातळी म्हणजे नदीकाठच्यांनी आवरायला घ्यायचं, प्रशासनाने बोटी, निवारा, माणसं तयार ठेवायची. धोका पातळी म्हणजे सखल भागात पाणी शिरलंय किंवा शिरतंय, आता हलायचंच. कोल्हापूर शहरात सुतारवाडा हा असा भाग की तिथली माणसं जवळच्या चित्रदुर्ग मठात हलवली अशी बातमी आली की बाकी शहराला कळतं, पूर आला. प्रयाग चिखली, आंबेवाडी ह्या गावांचंही तसंच, तिथे हालचाल फार आधी सुरू होते.

सांगलीकरांची पट्टी वेगळी. तिथे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजतात, इशारा ४० फूट आणि धोका ४५ फूट. २०१९ ला तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. दोन्ही पट्ट्यांची शून्यं वेगळी, नद्या वेगळ्या, तेव्हा राजारामचा आकडा बघून सांगलीतल्या माणसाने किंवा आयर्विनचा आकडा बघून कोल्हापुरातल्या माणसाने स्वतःच्या घराचा अंदाज बांधू नये. साधी गोष्ट आहे पण ग्रुपवर दोन्ही आकडे एकाखाली एक फॉरवर्ड होतात आणि घाईत गडबड होते.

आता मुद्द्याचं. प्रत्येक घराला स्वतःचा एक नंबर असतो, म्हणजे पट्टीवर कितीला पाणी आलं की माझ्या घराच्या फरशीला लागेल तो आकडा. हा काढायला इंजिनिअर लागत नाही. २०१९ किंवा २०२१ च्या पुराची खूण तुमच्या भिंतीवर, शेजाऱ्याच्या भिंतीवर, देवळाच्या खांबावर कुठेतरी असणारच. समजा २०१९ ला पाणी सगळ्यात वर होतं तेव्हा तुमच्या घरात फरशीपासून ५ फूट होतं. त्या वेळी पट्टीवर ५५ फूट ७ इंच. त्यातून ५ फूट वजा केले की ५० फूट ७ इंच. तुमची फरशी साधारण ह्या आकड्याला भिजते. हा नंबर अगदी काटेकोर नसतो, कारण पट्टीपासून तुमचं घर लांब असेल, वरच्या अंगाला असेल किंवा मधे एखादा नाला असेल तर पाण्याची पातळी थोडी इकडेतिकडे होते, म्हणून त्यातून अजून दोनेक फूट सुरक्षेसाठी कमी करायचे आणि साडेअठ्ठेचाळीस हा आपला नंबर धरायचा. भाड्याने राहणाऱ्यांनी घर घेतानाच घरमालकाला आणि शेजारच्या काकूंना दोघांनाही विचारावं, मागच्या दोन्ही पुरांना पाणी कुठवर होतं. काकू जास्त खरं सांगतात.

पण घराच्या नंबरापेक्षाही महत्त्वाचा दुसरा एक नंबर आहे आणि तो फार कमी लोक काढून ठेवतात, तो म्हणजे रस्त्याचा नंबर. घर उंचावर असतं, पण गावातून बाहेर पडायचा रस्ता ओढ्यावरून, मोरीवरून, सखल शेतातून जातो आणि तो घराच्या कितीतरी आधी बुडतो. मामांच्या गावचा रस्ता ४४ च्या आसपास बंद होतो आणि घराची फरशी ५० ला भिजते. म्हणजे ४४ ते ५० ह्या सगळ्या काळात घर कोरडं, चूल पेटलेली, माणसं निवांत, आणि गाव मात्र बेट झालेलं. २०१९ ला आम्ही नेमके ह्याच खिंडीत सापडलो. त्यामुळे निघायचा आकडा घराच्या नंबरावरून ठरवायचा नसतो, रस्त्याच्या नंबरावरून ठरवायचा असतो आणि त्याच्याही दोन फूट आधी. म्हातारी माणसं, गरोदर बाई, डायलिसिसचा पेशंट, तान्हं बाळ ह्यांच्यासाठी तर इशारा पातळीलाच, ३९ लाच.

मग वेळ किती ते काढायचं. मागच्या तीन-चार वेळचे आकडे वेळेसकट लिहून काढा. तासाला २ इंच चढत असेल तर एक फुटाला ६ तास, तासाला ६ इंच चढत असेल तर एक फुटाला फक्त २ तास. दिवसा निवांत वाटणारा आकडा रात्रीत कुठे जाईल हे एवढ्या गणिताने कळतं. २०१९ ला पाऊस दिवसेंदिवस पडत होता आणि पाणी सावकाश चढत राहिलं. २०२१ ला तसं नव्हतं, २२ आणि २३ जुलैला घाटमाथ्यावर असा पाऊस झाला की महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर नोंदला गेला आणि आमच्याकडे पाणी बघता बघता चढलं. दोन पुरांची उंची जवळपास सारखी, पण माणसाला मिळालेला वेळ एकदम वेगळा. म्हणून नुसता आकडा बघू नका, चढायचा वेग बघा. संध्याकाळी सहाला वेग जास्त असेल तर रात्रीची वाट न बघता उजेडातच निघायचं.

आता हे पाणी येतं कुठून, कारण ते कळलं की इशारा आणखी आधी वाचता येतो. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती (पाचवी सरस्वती गुप्त मानतात), आणि ह्या सगळ्या घाटाकडून येतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा ह्या बाजूला पाऊस पडला की तो आपल्या दारात येणार, कोल्हापुरात ऊन पडलेलं असलं तरी. हवामान खात्याच्या अंदाजात बरेचदा कोल्हापूर जिल्हा आणि कोल्हापूरचा घाटमाथा असे दोन वेगळे उल्लेख असतात. घाटाला लाल आणि बाकी जिल्ह्याला पिवळा असं आलं की शहरातला माणूस म्हणतो, आपल्याला पिवळाच आहे. पण नदीकाठच्या माणसाने स्वतःच्या डोक्यावरचा रंग बघायचा नसतो, नदी जिथून येते तिथला रंग बघायचा असतो. घाटाला लाल म्हणजे आपल्याला थोड्या वेळाने लाल असंच धरून चालायचं.

रंगांचा अर्थ थोडक्यात, हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता कृती करा. ह्यामागे पावसाचे आकडे आहेत, २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तर मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार, २०४.५ च्या वर अत्यंत मुसळधार. मिलिमीटर ऐकायला अगदी बारीक वाटतं. पण १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर १ लिटर पाणी. हजार स्क्वेअर फुटांच्या स्लॅबवर २०० मिलिमीटर पडला तर साडेअठरा हजार लिटर होतं, म्हणजे जवळपास दोन टँकर, फक्त एका घराच्या स्लॅबवर. आता पूर्ण गगनबावडा तालुका डोळ्यासमोर आणा.

मग धरणं. सगळ्यात जास्त घबराट इथेच होते, कारण शब्द कळत नाहीत. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर, दोन मोठ्या कळश्या म्हणा. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून १,४२८ क्युसेक विसर्ग होतो, म्हणजे सेकंदाला साधारण ४०,००० लिटर, दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला. असे सात दरवाजे आहेत. आणि हे दरवाजे स्वयंचलित आहेत, म्हणजे कोणी साहेब रात्री बटण दाबत नाही, पाणी ठराविक पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो आणि उतरलं की आपोआप मिटतो. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण, आणि दरवर्षी ‘राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला’ अशी बातमी आली की लोक म्हणतात पाणी सोडलं. सोडलं नाही, ते भरून वाहायला लागलं. फरक एवढ्यासाठी सांगते की सोडलेलं पाणी थांबवता येईल असं वाटतं आणि मग लोक ऑफिसात फोन करून भांडत बसतात, तो वेळ सामान वर ठेवण्यात घालवावा.

टीएमसी हा दुसरा शब्द. १ टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये २,८०० कोटींच्या वर. क्युसेक आणि टीएमसीची गाठ अशी घालायची की साधारण साडेअकरा हजार क्युसेकने पूर्ण २४ तास पाणी सोडलं तर १ टीएमसी खाली येतो. कोयना १०५ टीएमसीचं धरण. ते जुलैच्या शेवटालाच ८५–९० टक्के भरलंय असं वाचलं तर त्याचा अर्थ धोका आहे असा नाही, अर्थ असा की आता नवीन पावसाला ठेवायला धरणात जागा थोडी उरली, पुढचा मोठा पाऊस आला की त्यातलं बरंच पाणी तसंच खाली येणार. त्यामुळे धरणाची टक्केवारी आणि पुढच्या तीन दिवसांचा अंदाज दोन्ही एकत्र वाचायचे. धरण रिकामं आणि लाल इशारा, तर थोडी सवड असते. धरण भरलेलं आणि लाल इशारा, तर त्याच दिवशी बॅग भरायला घ्यायची.

आणि एक गोष्ट जी शिरोळ तालुक्यातल्या लोकांना पाठ असते पण शहरात कोणाला माहीत नसते, ती म्हणजे फुगवटा. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा कोयनेचं आणि वारणेचं पाणी घेऊन आधीच दुथडी भरून चाललेली असेल तर पंचगंगेला पुढे जायला वाट मिळत नाही, तिचं पाणी मागे तुंबतं. म्हणून कोल्हापुरात पाऊस उघडलाय, राधानगरीचे दरवाजे मिटलेत, तरी पाणी उतरत नाही किंवा इंचाइंचाने चढतच राहतं असं होतं. माझी मावशी कुरुंदवाडला दिलेली, ती कोयनेचा आकडा आधी बघते आणि मग पंचगंगेचा. शहरात जयंती नाल्याच्या काठच्या लोकांचंही असंच, नदीच भरली की नाल्याला तोंड उरत नाही, आणि नदीपासून लांब राहणाऱ्याच्या बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येतं. अशा घरात संडास-बाथरूमच्या जाळीवर प्लॅस्टिक टाकून वाळूचं पोतं ठेवलं तर बराच घाण गाळ वाचतो.

आता मोबाईलवर येणारा तो मोठ्ठा आवाज. २०२३ मध्ये खूप जणांच्या फोनवर अचानक सायरनसारखा आवाज होऊन मेसेज आला होता, ती सरकारची चाचणी होती. ह्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. साधा एसएमएस हा घरोघर जाऊन चिठ्ठी देण्यासारखा, एकेका नंबरला जातो, गर्दी झाली की रांगेत अडकतो. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी, एका टॉवरखाली जेवढे चालू फोन आहेत त्या सगळ्यांना एकाच वेळी, नंबर माहीत असो नसो, इंटरनेट असो नसो, आणि फोन सायलेंटवर असला तरी वाजू शकतो. त्यामुळे तुम्ही सातारचे असाल आणि त्या दिवशी सांगलीत लग्नाला आला असाल तरी सांगलीचा इशारा तुम्हाला मिळेल. चाचणीच्या आवाजाने घाबरून काही जणांनी सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करून टाकलंय, ते परत चालू करा, सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट असं शोधलं की सापडतं. घरातल्या म्हाताऱ्यांचा फोनही बघा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत नावाचं अॅप आहे, त्यात तुमच्या जागेपुरते इशारे येतात. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं दामिनी अॅप आहे, शेतात काम करणाऱ्यांनी तर ते ठेवावंच.

पण टॉवरची लाईट गेली, जनरेटरचं डिझेल संपलं की हे सगळं गप्प होतं. आणि सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच. म्हणून भोंगा, देवळाचा-मशिदीचा स्पीकर, रिक्षावर कर्णा लावून फिरणारा माणूस, हे जुनं वाटलं तरी बंद पडू देऊ नका. गावात आधीच ठरवून ठेवा की कोणता आवाज म्हणजे काय, कोणत्या गल्लीला कोण जाऊन सांगणार, कानाने कमी ऐकणाऱ्या आजोबांना कोण हात धरून उठवणार. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, कारखान्यावर आलेले परप्रांतीय लोक असतात, त्यांना मराठी भोंगा कळत नाही आणि २००५ पण माहीत नाही २०१९ पण माहीत नाही. त्यांच्या मुकादमाचा नंबर यादीत पाहिजे. ह्याचं मला फार वाटतं, कारण पूर आला की आपण आपल्या माणसांना शोधतो आणि त्यांना शोधणारं तिथे कोणी नसतं.

अफवांचं थोडक्यात सांगते. ‘धरण फुटलं’ हा मेसेज जवळपास प्रत्येक पुरात येतो. मेसेजमध्ये तारीख आणि वेळ नसेल, कोणत्या खात्याने सांगितलं ते नसेल, तर पुढे पाठवू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे, तिथे विचारा. तातडीच्या मदतीला ११२, अॅम्ब्युलन्सला १०८. हे तीन नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दारामागे चिकटवा, फोनची बॅटरी गेली तर शेजाऱ्याच्या फोनवरून लावता येतात.

निघायची तयारी. प्रत्येकाची यादी वेगळी असणार, पण २०१९ ला आमच्या लक्षात न आलेल्या गोष्टी सांगते. औषधं, निदान पंधरा दिवसांची, बीपी-शुगरची आणि डॉक्टरांची चिठ्ठी, कारण निवाऱ्यात गेल्यावर नेमकी कोणती गोळी ते कोणालाच आठवत नाही. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, पोरांचे दाखले हे सगळं एका प्लॅस्टिक पिशवीत आणि ती पिशवी निघताना पहिली उचलायची, आणि ह्या कागदांचे फोटो काढून बाहेरगावच्या एका नातेवाइकाला आधीच पाठवून ठेवायचे. चष्मा. आजीची कवळी. प्यायचं पाणी, कारण पूर म्हणजे सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही अशी गत होते, २०१९ ला शहराला पाणी देणारी पंपिंग स्टेशनंच बुडाली होती आणि कोरड्या भागातले लोकही टँकरच्या रांगेत उभे होते. निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवायचा, नाहीतर तो तरंगत जातो. महावितरणने आधीच लाईट बंद केली तर चिडू नका, पाण्यातला करंट दिसत नाही.

जनावरांसाठी माणसं मागे राहतात, हे शहरातल्यांना कळत नाही. दुभती म्हैस म्हणजे घराचा महिन्याचा पगार असतो, ती सोडून या असं नुसतं सांगून कोणी येत नाही. म्हणून जनावरं आधी हलवायची, इशारा पातळीच्याही आधी, वैरणीसकट, पाहुण्यांच्या गोठ्यात किंवा उंचावरच्या शेतात. कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि जनावराचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, नंतर ओळख पटवायला आणि भरपाईला लागतो. आणि काहीच जमलं नाही, पाणी आलंच, तर निदान दावं कापा. मोकळं जनावर पोहून वाचू शकतं, बांधलेलं वाचत नाही. आमच्याकडे त्या रात्री अंधारात विळा सापडला नाही. आता गोठ्याच्या दाराला खिळ्यावर एक विळा कायम लटकवलेला असतो.

बोटीबद्दल एकच. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि त्यात बायका-पोरांसकट कितीतरी जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. बोट ही शेवटची वाट आहे, बोट यायच्या आधी चालत किंवा गाडीने निघता येत असेल तर तेव्हाच निघा, आणि बोटीत बसायची वेळ आलीच तर जॅकेट घातल्याशिवाय आणि जास्त माणसं भरली तर बसू नका, दुसऱ्या फेरीची वाट बघा. बुडलेल्या बंधाऱ्यावरून, मोरीवरून मोटरसायकल घालायची नाही. गुडघ्याला पण न लागणारं वाहतं पाणी गाडीचं चाक उचलतं आणि खाली रस्ता राहिलाय का खचलाय ते वरून दिसत नाही.

पाणी ओसरल्यावर घाई होते घर धुवायची. आधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेष, भिजलेलं धान्य, फ्रीज, गाडी, पडलेली भिंत, सगळ्याचे फोटो तारखेसकट काढा आणि मगच गाळ काढा, कारण पंचनाम्याला तलाठी-ग्रामसेवक येतील तोपर्यंत घर स्वच्छ झालेलं असलं तर दाखवायला काही उरत नाही. भिजलेली गाडी चालू करून बघायची नाही, तशीच मेकॅनिककडे न्या, विमा असेल तर आधी कंपनीला कळवा. वायरमनने बघितल्याशिवाय मेन लावायचा नाही. गाळात हात घालताना बूट आणि हातमोजे, साप बसलेले असतात, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो, ताप आला तर पुराच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना सांगा. विहिरीत आणि टाकीत टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग) पावडर टाकून घ्या, ती ग्रामपंचायतीत मिळते, तोपर्यंत पाणी उकळून.

आणि रंग द्यायच्या आधी भिंतीवर जिथे पाणी होतं तिथे रेष मारून ठेवा, बाजूला तारीख आणि त्या वेळचा पट्टीवरचा आकडा. मामांच्या सोप्यात २०१९ ची आणि २०२१ ची अशा दोन रेषा आहेत, मामेबहिणीने ऑइलपेंटने ओढल्यात, आणि त्यांच्या खाली दाराजवळ तिने मोठ्या अक्षरात लिहिलंय, रस्ता ४४, म्हशी ३७, आजी ३९. आजी आता नाही, पण तो आकडा तिने पुसलेला नाही, शेजारच्या घरातल्या काकी आता ऐंशीच्या आहेत, तो त्यांच्यासाठी ठेवलाय.